समुद्रापलीकडची आरती

मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते. १८३४ पासून तेथील ऊसमळ्यांवर कराराने नेलेल्या भारतीय मजुरांत मराठी माणसेही होती; त्यांच्या वंशजांना विनावेतन मराठी शिकविण्यासाठी आम्ही तेथे वर्षभर राहिलो. मुले घरी क्रिओल बोलत, आरती मात्र मुखोद्गत! अर्थाचे नाव नाही. (आपल्याकडे तरी कितीजण अर्थ जाणून टाळ्या वाजवितात?)

उत्सवातील एका सायंकाळी साडेपाचला वर्ग चालू होता; पंढरपुरी तेव्हा सात, आमच्या घरच्या आरतीची वेळ. धाकट्याचा दूरध्वनी आला, “अण्णा, आईला रुग्णालयात आणलंय. आरती शेजारच्यांनी केली.”

वर्गात परतलो. एक चिमुरडी वहीवर बोट ठेवून म्हणाली, “गुरुजी, विघ्न म्हणजे काय?”

उत्तर देण्यास आम्हांस अंमळ वेळ लागला.