फिशटँकच्या मागचे पाणी काय सांगते?

चेन्नईचा कोळत्तूर भाग शोभेच्या माशांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आहे. तेथून हौसेने आणलेले मासे जगवायचे, तर फिल्टर जोडून येणाऱ्या टँकच्या मागच्या कप्प्यांवरही नजर हवी.

या टँकमध्ये पाणी जाळीतून मागे जाते, स्पंजातून गाळले जाते आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा माशांकडे सोडतो. म्हणूनच पाण्याची घट या शेवटच्या कप्प्यातच दिसते. पंप कोरडा पडला तर तापून बिघडतो, प्रवाह थांबतो आणि मासे गुदमरू लागतात.

फक्त पंपाकडचे पाणी रोज थोडे उतरत असेल, तर ती बहुधा वाफ. चेन्नईच्या उन्हाळ्यात पंख्याखाली ती अधिक होते. क्लोरीन काढलेले पाणी घालावे. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्येही गोडेच पाणी घाला, कारण मीठ उडून जात नाही. घट एकदम वाढली, तर टँकखाली ओल आहे का ते पाहा.

स्पंजाआधीच्या कप्प्यात पाणी चढले आणि पंपाकडे उतरले, तर स्पंज तुंबला समजा. माशांकडचेच पाणी चढले आणि मागचे सारे कप्पे उतरले, तर जाळी साफ करा. स्पंज नळाखाली नको, टँकमधूनच बादलीत काढलेल्या पाण्यात पिळा. क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात.

हात घालण्यापूर्वी प्लग काढायला विसरू नका. वीज गेल्यावर थोडे पाणी मागे परतते, म्हणून कप्पे काठोकाठ भरू नका. योग्य पातळीवर काचेला खूण करून ठेवा. मग घरातले मूलही वेळीच सांगेल, ‘पाणी कमी झालंय!’