अस्थिती आणि अगती

अंथरुणात पडल्या पडल्या रोग्याचे पाय नीट हलतात, त्यांत जोरही असतो. पण उभे करावे, तर तो कोसळतो. घरची मंडळी म्हणतात, ‘सोंग आहे!’ पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्को यांचे शिष्य पॉल ब्लोक यांनी १८८८ साली या अवस्थेला नाव दिले, ‘अस्टेशिया-अबेशिया’.

शब्द ग्रीक खरा, पण परका नव्हे. ‘स्टासिस’ म्हणजे उभे राहणे, ‘बासिस’ म्हणजे पाऊल टाकणे. आरंभीचा ‘अ’ आपल्या ‘अशक्य’मधलाच. भाषाशास्त्र सांगते, स्टासिस आणि आपली ‘स्थिती’, बासिस आणि आपली ‘गती’ या सख्ख्या बहिणी. म्हणजे मराठीत हा रोग झाला ‘अस्थिती-अगती’!

या नावात रोग्यावर ठपका कोठेच नाही. डॉक्टरांनी मात्र तो पुष्कळ काळ ‘हिस्टेरिया’च्या खात्यात घातला. पुढे १९८८ साली, मेंदूतील थॅलॅमस या भागाला इजा झाल्यानेही उभे राहता येत नाही, असे रोगी नोंदले गेले. आणि इजा सापडली नाही, तरी आजचे वैद्यक त्याला सोंग म्हणत नाही, व्यायामोपचार सुचवते.

तेव्हा वाचकहो, घरात कोणी असे कोसळले, तर ‘सोंग’ हा शब्द ओठांवर येण्याआधी डॉक्टरांना बोलवावे, हे बरे!