गिझरचं ठिबकणं थांबवू नका

गारठा वाढला, की गिझर फुटल्याच्या बातम्या येऊ लागतात. दोष बहुधा स्वस्तातल्या गिझरला नाहीतर शॉर्टसर्किटला दिला जातो. नव्या फ्लॅटचा ताबा घेतलेल्यांनी मात्र आधी गिझरच्या खाली, थंड पाण्याच्या जोडणीवर बसवलेला छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह शोधावा. खरेदीच्या वेळी आपण लिटर विचारतो, स्टार मोजतो. या व्हॉल्व्हची चौकशी कुणीच करत नाही.

पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांचं पाणी ७५ अंशांपर्यंत तापवलं, तर २५ लिटरच्या टाकीत सुमारे अर्धा लिटर पाणी जादा होतं. जुन्या तांब्याच्या बंबाला त्याची फिकीर नव्हती. पाणी ओतायचं त्याचं तोंड उघडंच असे. गिझरची टाकी चहूबाजूंनी बंद. तापलेलं पाणी थंड पाण्याच्या लाइनमध्ये उलटं शिरू नये, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह ती वाटही अडवतो. नळ बंद असताना वाढलेल्या पाण्यानं जायचं कुठे? त्यासाठीच व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग असते. दाब मर्यादेबाहेर गेला, की ती दबते आणि बाजूच्या तोटीतून पाणी ठिबकतं. अनेक घरगुती व्हॉल्व्हवर ०.८ एमपीए, म्हणजे ८ बार, ही मर्यादा कोरलेली असते.

आणि घोळ होतो तो इथेच. गिझर लपवलेला असतो फॉल्स सीलिंगच्या वर. पीओपीवर ओल उमटते, 'गिझर गळतोय' अशी तक्रार होते आणि कुणीतरी त्या तोटीला डमी, म्हणजे बूच, मारून मोकळा होतो. गळती थांबते, घरमालक खूश. पुढे कधीतरी थर्मोस्टॅट चिकटतो, जादा तापल्यावर वीज तोडणारा थर्मल कटआउटही दगा देतो आणि पाणी तापतच राहतं. ८ बार दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. १७५ अंशांच्या आसपास पोचलं तरी ते पाणीच राहतं. अशा वेळी टाकीला तडा गेला, तर त्यातल्या काही पाण्याची क्षणार्धात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. भिंत पाडणारा स्फोट होतो तो असा.

गिझर तापत असतानाच पाणी ठिबकत असेल, तर व्हॉल्व्ह आपलं काम चोख करतोय. चोवीस तास ठिबकत असेल, तर व्हॉल्व्ह क्षाराने खराब झालाय किंवा लाइनचा दाबच जास्त आहे. दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब वाढतो. त्यामुळे टॉवरच्या खालच्या मजल्यांवर गच्चीवरच्या टाकीचा दाब भारी पडतो. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. बोअरचं पाणी असेल, तर क्षारानं स्प्रिंग आतल्या आत जाम होऊ शकते. म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी सुटतं का, हे समोर उभं राहून बघावं.

माझ्या मते, गिझर सीलिंगमागे दडवणं हीच मुळात चूक आहे. तो नजरेसमोर, हात पोचेल असा हवा. व्हॉल्व्हच्या तोटीला उष्णता सोसणारी नळी जोडून ती उताराने थेट न्हाणीच्या जाळीपर्यंत आणावी. नळीचं तोंड कायम उघडं असावं. आणि कुणी डमी मारायला निघाला, तर त्याला तिथेच थांबवा.