कुरळ्या केसांचे मांजर

मित्रांनो, कुरळे मांजर पाहिलेत का कधी? मी चित्रात पाहिले. इंग्लंडात कॉर्नवॉल म्हणून भाग आहे. तिथे १९५० साली एका साध्याच मांजरीला पाच पिल्ले झाली. त्यातले एकच कुरळे निघाले! त्याचे नाव कॅलिबंकर. त्याच्यापासून कॉर्निश रेक्स ही जात झाली. आईबाप दोघांकडून कुरळेपणा आला, तरच पिल्लू कुरळे होते.

हिचे कान केवढाले, अंग सडपातळ, मिशासुद्धा वाकड्या. आपल्या मनीला वरून राठ केस असतात. हिला ते नसतातच, नुसती आतली मऊ लव, लाटालाटांची. म्हणून बिचारीला थंडी फार वाजते. रात्री शेतात उंदरांवर ठेवायला आपली मनीच बरी. ही मोठी झाली तरी पिल्लासारखी उड्या मारते, माणसांच्या मागेमागे फिरते, आणि ऊब दिसली की चाललीच मांडीवर!