पाण्याने गार होणारा संगणक आणि आपला उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये धाराशिव, तुळजापूर, उमरगा भागात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत फोटो स्टुडिओतला, व्हिडिओचे काम करणारा संगणक दुपारी एकाएकी मंदावतो. हा बहुधा बिघाड नसतो. तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या जवळ गेले, की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो.

यावर उपाय म्हणून वॉटर कूलिंग बसवले जाते. पुण्याच्या ‘आयसर’मधील ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही द्रव फिरवूनच गार ठेवला जातो. घरगुती यंत्रणेत पंप पाणी फिरवतो, प्रोसेसरवरचा तांब्याचा ठोकळा उष्णता पाण्यात सोडतो आणि रेडिएटर ती हवेत टाकतो. पण पाणी घालूनही तापमान उतरत नसेल, तर बदलायचे काय?

बहुतेकांची पहिली उडी मोठ्या पंपावर असते. जरा हिशेब करू. ३०० वॅट उष्णता आणि मिनिटाला एक लिटर प्रवाह असेल, तर एका फेरीत पाणी सुमारे ४.३ अंशांनी तापते. प्रवाह दुप्पट केला, तर २.१ अंशांनी. फायदा जेमतेम एक-दोन अंशांचा! उलट, रेडिएटरमधले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा १६ अंश गरम राहत असेल आणि रेडिएटर, पंखे दुप्पट केले, तर हा फरक साधारण आठ अंशांवर येतो. म्हणून पैसे रेडिएटरवर घालावेत. त्याआधी जाळीतली धूळ काढावी आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. पुष्कळदा एवढ्यावरच भागते.

माठातले पाणी खोलीपेक्षा गार होते, कारण ते पाझरून त्याची वाफ होते. बंद नळीतल्या पाण्याची वाफ होत नाही. त्यामुळे खोली ४० अंशांवर असेल, तर ते ४० च्या खाली जाणारच नाही. कोरड्या हवेत कूलर लावून खोली पाच अंशांनी उतरवली, तर प्रोसेसरही जवळपास तेवढाच उतरतो. कूलरचे तुषार मात्र संगणकावर येऊ देऊ नयेत.

आता पाण्याविषयी, कारण खरे नुकसान इथेच होते. आपल्याकडच्या बोअरचे पाणी जड. पाणी तापवायच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो, तोच ठोकळ्यातल्या केसाएवढ्या बारीक खाचांत बसतो आणि वाट बंद करतो. आरओचे पाणीही पूर्ण क्षारमुक्त नसते. डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक मिसळावे किंवा तयार कूलंट वापरावे. ठोकळा तांब्याचा असेल, तर रेडिएटर ॲल्युमिनियमचा घेऊ नये. दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते.

टंचाईच्या जिल्ह्यात पाण्याची ही चैन कशाला, असेही कुणी विचारेल. पण इथे एक-दोन लिटर पाणी वर्षभर तेच फिरत राहते. नळीतून सूक्ष्म प्रमाणात ते उडते, म्हणून टाकीची पातळी अधूनमधून पाहावी आणि द्रव गढूळ दिसला, तर बदलावा.