ईदची खरेदी : खैरात नव्हे, उजरत

रमजानचा शेवटचा अशरा आला की तरावीहनंतर पावले आपोआप बाजाराकडे वळतात. डहाणू, बोईसर, पालघर, कुणी थेट मुंबईच्या मोहम्मद अली रोडपर्यंत जातो. कपडे, अत्तर, चपला, शेवया, मुलींच्या बांगड्या. ईदच्या दिवशी आपल्याजवळचा सर्वांत चांगला पोशाख घालावा, ही सुन्नत. तो नवाच असावा किंवा महागच असावा, अशी अट मात्र कुठेही नाही. मग जे घ्यायचे ते कोणाच्या हातचे घ्यावे, एवढा विचार करायला या महिन्याइतका चांगला काळ कोणता?

डहाणूहून पूर्वेला निघालो की आशागड लागते आणि तसेच चारोटीच्या दिशेने पुढे गेले की गंजाड. याच गंजाडच्या एका पाड्यावर जिव्या सोमा म्हसे राहत होते. तळासरी तालुक्यात जन्मलेल्या या माणसाने भिंतीवरचे वारली चित्र कागदावर आणि कापडावर आणले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. भास्कर कुलकर्णी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कागद आणि रंग घेऊन या पाड्यांवर आले, तेव्हापासून ही कला मुंबईच्या दालनांत आणि पुढे परदेशात पोहोचली. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. एवढे सगळे आपल्या उंबरठ्यापाशी घडले. आपल्या ईदच्या यादीत मात्र त्याला जागा नाही.

मुळात ही कला बायकांची. लग्नघरी कुडाच्या भिंतीवर शेणमातीचा आणि गेरूचा थर द्यायचा, तांदळाच्या पिठात पाणी आणि डिंक कालवायचा, बांबूची काडी टोकाशी चावून तिचा कुंचला करायचा आणि सवाशिणींनी चौक लिहायचा. हो, चौक ‘लिहायचा’. वारली बोलीत चित्र लिहितात. कला विकाऊ झाली तेव्हा बाजारात पुरुषांची नावे पुढे आली. म्हणून आज एखादा तुकडा घेताना ‘हा कोणी काढला?’ असे जरूर विचारावे. उत्तरात कधी सुनेचे, कधी लेकीचे नाव निघते, आणि मजुरी त्या हातापर्यंत जाते की नाही, हेही कळते.

उर्दूत आपण दस्तकारी म्हणतो, मराठीत हस्तकला. फारसीतला ‘दस्त’ आणि संस्कृतातला ‘हस्त’ हे मुळात सख्खे भाऊ. हात हाच या धंद्याचा सगळा ऐवज, आणि छापखान्यापुढे तो कमी पडतो. शहरातल्या दुकानांत वारली नक्षीच्या ओढण्या, कुर्ते, पिशव्या ढिगाने मिळतात. त्यातल्या पुष्कळशा यंत्रावर छापलेल्या असतात. त्यांचा एक पैसाही पाड्यावर येत नाही. हे दुःख आपल्याला परके नसावे. 1857 नंतर उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव, भिवंडीत हातमाग उभे केले आणि पुढे यंत्रमागाच्या खडखडाटात ते हातमाग मिटत गेले. ज्यांच्या घरात ही आठवण आहे, त्यांना हाताने केलेल्या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

हातचे ओळखणे अवघड नाही. एकाच ओढणीवरच्या दोन आकृत्या शेजारी ठेवून पाहा. छापलेल्या असतील तर त्या तंतोतंत जुळतात. हाताने काढलेल्या असतील तर एकीचा हात थोडा लांब, दुसरीची मान थोडी कललेली दिसते. रेषेची जाडी कुठे वाढते, कुठे कमी होते, बोट फिरवले की रंगाचा थर जाणवतो. घाई मात्र चालत नाही. चाँदरातीला सांगून ईदच्या सकाळी ओढणी मिळणार नाही. पुढच्या ईदची ओढणी हवी असेल तर रजब, शाबानमध्येच सांगायला हवे आणि थोडे पैसे आधी द्यायला हवेत.

इथे दोन गोष्टींचा अदब सांभाळावा. पहिली आपल्या बाजूची. सजीवांच्या आकृती असलेल्या कपड्यात नमाज पढणे बहुतेक उलेमांनी नापसंत ठरवले आहे. म्हणून ईदगाहला जाताना घालायच्या कपड्यावर झाडे, डोंगर, भातशेती किंवा त्रिकोणांची किनार मागावी. वारली चित्रात झाड काढणाऱ्या हाताला तोड नाही, त्यामुळे त्यात गमावण्यासारखे काही नाही. दुसरी गोष्ट त्यांच्या बाजूची. लग्नाच्या चौकात पालघट देवी असते. आपल्याला ती नक्षी वाटली तरी लिहिणारीसाठी ती श्रद्धा आहे. तो चौक पायपुसण्यावर किंवा जेवणाच्या चटईवर काढून मागू नये. आपल्या आयती कुणी पायाखाली छापल्या तर आपल्याला जसे वाटेल, तसेच त्यांनाही वाटते.

राहिला प्रश्न पैशांचा. रमजानमध्ये आपले हात सैल असतात. जकात निघते, फित्रा निघतो, दारावर आलेला रिकामा जात नाही. पण तोच हात कारागिरासमोर आखडतो. मॉलमध्ये चिठ्ठीवर लिहिलेली किंमत आपण मुकाट्याने देतो आणि चार दिवस मान मोडून काम केलेल्या बाईशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. कारागिराची वस्तू घेणे म्हणजे सदका नव्हे. ती उजरत आहे, म्हणजे मजुरी, म्हणजे हक्क. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची ताकीद आपल्याला आहे. हजरत दाऊद अलैहिस्सलाम बादशाह असूनही स्वतःच्या हातच्या कमाईवर जगले, चिलखते घडवत, असे आपण मुलांना सांगतो. मग हातच्या कमाईचा मान सौदा करतानाही दिसायला हवा. म्हणून उधारी ठेवू नये, दिलेला शब्द फिरवू नये आणि ‘गरिबाला मदत केली’ असे तर मुळीच म्हणू नये.

ज्यांना यंदा नवे घेणे जमणार नाही, त्यांनी घरातली पेटी उघडावी. आजीची ओढणी, एखादी जुनी पैठणी, नशिबाने औरंगाबादी हिमरूची शाल. सूत आणि रेशीम एकत्र विणलेले हिमरू हातमागावर विणणारे आता फार थोडे उरले आहेत. अशा कपड्याला ऊन दाखवा, कसरीने खाल्लेली जागा रफूगराकडून भरून घ्या. रफू हेही हुनर आहे आणि त्याचीही उजरत आहे. आजीच्या ओढणीला अत्तराचा एक थेंब लावला की ईदचा पोशाख तयार.