कर्बनलिकांचें गणकयंत्र

गणकयंत्र म्हणजे एखादी गूढ शक्ति नव्हे. तो असंख्य सूक्ष्म विजेच्या कळांचा समुदाय आहे. या प्रत्येक कळेला ट्रान्झिस्टर म्हणतात. कळ उघडली कीं प्रवाह वाहतो, मिटली कीं थांबतो. आणि या उघडझांपेंतूनच बेरीज, वजाबाकी व तुलना साधते. आज या कळा मुख्यतः सिलिकॉनच्या बनतात. लहान करतां करतां त्या इतक्या लहान झाल्या आहेत कीं, मिटल्यावरही त्यांतून थोडा प्रवाह झिरपतो आणि ती वीज उष्णतेच्या रूपानें वायां जाते. म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टि कर्बाकडे वळली.

पेन्सिलींत जें ग्राफाइट असतें, त्याचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा काढून त्याची सुरळी केली अशी कल्पना करावी, म्हणजे कर्बनलिकेचें, अर्थात् कार्बन नॅनोट्यूबचें, रूप ध्यानांत येतें. तिचा व्यास साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग असतो. जपानच्या सुमिओ इजिमा यांनीं १९९१ सालीं एकांत एक बसलेल्या अशा नलिकांचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९९३ मध्यें एकेरी भिंतीची नलिका मिळाली. आणि १९९८ मध्यें हॉलंडांतील डेल्फ्ट येथें एकाच नलिकेचा ट्रान्झिस्टर करून दाखविण्यांत आला. या नलिकेंतून इलेक्ट्रॉन फारसा अडथळा न होतां धांवतात, आणि ती अतिशय बारीक असल्यामुळें तिच्यांतील प्रवाहावर ताबाही पक्का बसतो.

परंतु एक कळ करणें निराळें आणि हजारों कळांचें यंत्र जुळविणें निराळें. पापुद्रा कोणत्या कलानें गुंडाळला गेला, यावर नलिकेचा स्वभाव ठरतो. आपोआप वाढलेल्या नलिकांपैकीं सुमारें एक-तृतीयांश धातूसारख्या निपजतात. त्यांतून प्रवाह सदैव वाहत राहतो. ती कळ कधींच मिटत नाहीं. शिवाय कांहीं नलिका वांकड्या पडून भलतीकडे जोड करतात, तर कांहींच्या गुठळ्या होतात. तांदळांत चार खडे राहिले तर एखादा घास बिघडतो. येथें मात्र एका खड्यानें सारी पंगत उठते.

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत सुभाशिष मित्रा, फिलिप वाँग, मॅक्स शुलाकर प्रभृतींनीं २०१३ मध्यें ही अडचण युक्तीनें ओलांडली. प्रथम चांगल्या नलिका विद्युद्दाबानें बंद करावयाच्या आणि मग जोराचा प्रवाह सोडावयाचा. तो बंद न झालेल्या धातुमय नलिकांतूनच जातो आणि त्या तापून जळून जातात. वांकड्या नलिकांसाठीं आखणीच अशी केली कीं, त्या कशाही पडल्या तरी चुकीचा जोड होऊं नये. या रीतीनें १७८ ट्रान्झिस्टरांचें यंत्र उभें राहिलें. तें एका वेळीं एकच बिट, म्हणजे शून्य किंवा एक एवढाच अंक हाताळी. तरी मोजणें आणि संख्या क्रमानें लावणें हीं दोन्ही कामें तें आलटून पालटून करी.

पुढें २०१९ मध्यें शुलाकर यांच्या नेतृत्वाखालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें १४ हजारांहून अधिक ट्रान्झिस्टरांचें, सोळा बिटांचें यंत्र तयार झालें. मोठ्या यंत्रांना दहा कोटींत एकच धातुमय नलिका चालेल, असा हिशेब होता. इतकी शुद्धता कोणाच्याही आवांक्यांत नव्हती. तेव्हां संशोधकांना दिसून आलें कीं, धातुमय नलिका सर्वच जोडण्यांना सारखी बाधत नाहीं. जिला ती कमी बाधते अशीच जोडणी निवडल्यावर दहा हजारांत एक सदोष नलिकाही चालण्याजोगी ठरली. आणि तेवढी शुद्धता बाजारांत मिळतच होती. गुठळ्यांसाठीं चकतीवर रासायनिक लेप देऊन ती द्रावकांत ध्वनिलहरींनीं हलविली. त्यामुळें गुठळ्या निघून गेल्या आणि सुट्या नलिका जागीं राहिल्या.

२०२० मध्यें सिलिकॉनचा माल काढणाऱ्या व्यापारी कारखान्यांतही २०० मिलिमीटरच्या चकत्यांवर या नलिका बसविण्यांत आल्या. आजच्या एका मोबाइलमध्यें सिलिकॉनचे शेंकडों कोटी ट्रान्झिस्टर असतात. त्या मानानें १४ हजार ही संख्या अल्पच. परंतु सामग्री निर्दोष होण्याची वाट न पाहतां, दोष नेमका कोठें नडतो हें ओळखून रचना बदलली, म्हणूनच १७८ पासून येथवरची मजल अवघ्या सहा वर्षांत गांठतां आली.